सिंह जरा बाजूला सरकलाय

— आणि भिंगातून किती वेळ बघणार आहात? नाण्यावरचा बैल तोच, त्याच्यावर झेपावलेला सिंहही तोच. तुम्ही बघत बसलात म्हणून तो त्याला खाऊन संपवणार नाही. मुरांबा घ्या आधी, चेरीचा आहे, वर पाणी प्या — दारी आलेल्याला आम्ही तसंच पाठवत नाही, जुनी नाणी गोळा करणाऱ्यालासुद्धा. मागच्या महिन्यात लारिसा शहरातले एक दातांचे डॉक्टर आले होते, त्यांनी तर चाटून बघितलं. एवढा शिकलेला माणूस, आणि चाटतोय. म्हटलं, साहेब, मीठ कमी पडलं का? तुम्ही नुसता वास घेतलात, तेवढं तरी बरं. काय? हेच नाणं का? नाही, ते दुसरं — म्हणजे हेच, तेव्हा मातीनं माखलेलं होतं.

कुठं सापडलं ते परत काय विचारता, सांगितलं ना, द्राक्षाच्या मळ्यात, माझ्या नवऱ्याच्या, लेफ्तेरिसच्या कुदळीला लागलं. आणि विकतोय ते हौस म्हणून नाही. बाळाचा खोकला थांबत नाही, सालोनिकाला, शहरात छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. अजून बाप्तिस्मा नाही झाला त्याचा, नाव नाही, नुसतं बाळ — काही बरंवाईट झालं तर पाद्री कुठल्या नावानं प्रार्थना म्हणणार? जाऊ द्या. तुम्हाला काय त्याचं, तुम्ही मेलेल्या गावांची नावं पाठ करणारे.

सिंह मधोमध नाही म्हणता? हसू येतं हो तुमचं. नाणं म्हणजे काय साच्यातलं बिस्कीट आहे? खाली ऐरणीत सिंहाचा ठसा रोवलेला, त्याच्यावर चांदीची चकती — लालबुंद असतानाच चिमट्यानं ठेवायची, गार झाली की कड चिरते, ही बघा चिरलीय तशी — आणि तिच्यावर चौकोनी तोंडाचा ठोकळा उभा धरायचा, मागे हे चार खण उठलेत ना, ते त्याचे. एकानं धरायचं, दुसऱ्यानं घण घालायचा. धरणाऱ्यानं घणाकडे बघायचंच नाही. तुमच्या पुस्तकात असेल हे सगळं, पण पुस्तकाला चटका बसत नाही. धूर तर असा कोंडतो की डोळे उघडवत नाहीत, त्यात कोळसा ओला असला की विचारू नका, आणि आत पोर खोकायला लागलं की हात हलतोच. आईचा हात, हलणारच. घण वर गेलेला असतो, तो काय थांबतो? सरकला सिंह.

म्हणजे — त्या काळच्या बायांचा. त्या काळीही बाया असतीलच की कामाला. त्यांचीही पोरं खोकत असतील.

अंगठ्याकडे काय बघताय माझ्या. दारात चेमटला.

खाली का ठेवलंत नाणं? चांदी खरी आहे ती. आजीच्या कमरपट्ट्याची, माझ्या लग्नातल्या — चांदी खरी आहे, एवढंच म्हणतेय मी.

बरं, नका घेऊ. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, तुमच्यासारखे भिंगवाले येतच असतात. निघा, बस चुकेल. फक्त चौकात कॉफीला बसू नका, तिथं हवालदार असतो, आणि त्याला उगाच चौकशा करायची सवय आहे. सरळ बसमध्ये जाऊन बसा. साहेब — कुठं थांबू नका ना.