घागरीचा नंबर

चहा घेता घेता ऐका. तुम्ही हसलात तरी चालेल. मला मात्र हसू आले नव्हते.

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना. नव्या कचेऱ्यांत जागा निघणार म्हणून अहमदपुरात मी परीक्षांची तयारी करून घेत असे. सराव परीक्षेत पहिला येईल त्याला फी माफ होती. शिरूर अनंतपाळकडची सुनीता एका गुणाने मागे राहिली आणि पेपर घेऊन माझ्यासमोर उभी ठाकली.

दोन गुणांचा प्रश्न होता. ‘उद्या टँकर येईल, घागरी रांगेत ठेवा,’ अशी सूचना चावडीवर लागली; यात गृहीतक कोणते? छापील उत्तर होते, लोकांचा सूचनेवर विश्वास आहे. तिने ‘यांपैकी एकही नाही’ हा पर्याय निवडला होता.

“सर, हे गृहीतक न्हाई,” ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत, गृहीतक उलटं करून बघा. सूचना निकामी झाली, तरच ते गृहीतक.”

“मग कर उलटे.”

“लोकांचा इश्वास न्हाई. तरी घागरी ठेवत्यातच.”

“विश्वास नसताना? कशासाठी?”

“सर, तुमच्या घरी नळ हाय वाटतं! घागर न्हाई ठेवली अन् टँकर आलाच, तर नंबर जातो.”

वर्ग हसला. मी दोन्ही गुण दिले. तिची फी माफ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे पावसासाठी देवापुढे हात जोडले आणि तसाच थांबलो. हे हात विश्वासाने जोडले आहेत, की नंबर जाऊ नये म्हणून?