बारावा फोटो

आम्ही मूळ कणकवलीकडचे, बापूस गिरणीत, मी चौथीत शाळा सोडली आणि मुलुंडला एका स्टुडिओत फोटो धुवायला लागलो, तिथेच कॅमेरा हातात आला. लग्नं काढली, पासपोर्ट काढले, पण नाव झालं ते गिटारवाल्या पोरांमुळे. तेव्हा अंधेरी-कुर्ल्याच्या गावठाणांतली ख्रिस्ती पोरं केस वाढवून इंग्रजी रॉक वाजवायची, त्यांच्या रेकॉर्डच्या कव्हरांचे फोटो मी काढायचो. इंग्रजी मला आजही वाचता येत नाही, पण कव्हर बघून सांगेन उजेड किती वाजताचा. लोक बोलायचे, गणपत म्हणजे घड्याळ. मला त्याचा माज होता, कशाला खोटं बोलू.

तर त्यातला एक बँड, पाच जणांचा. ड्रमवाला फिलिप, अंधेरीचा, त्यानेच सगळ्यांना जमवलेलं, गाणीही त्याचीच. पहिलीच रेकॉर्ड. मी सांगितलं, आरे कॉलनीत, तबेल्यामागे, सकाळी सातला, झाडांतून तिरका उजेड येतो तो आठपर्यंतच. चौघं आले, फिलिप नाही. सव्वासात झाले, साडेसात झाले. गिटारवाला बोलला, काका, थांबा ना जरा, त्याच्याशिवाय कसला बँड. मी बोललो, सूर्य काय तुझ्या बापाचा नोकर आहे रे. आणि काढले चौघांचे, अकरा फोटो.

त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो यायचे, आणि माझी एक खोड होती, शेवटचा फोटो गिऱ्हाइकाचा नाही, माझा, मनाला येईल ते काढायचं. अकरावा झाला आणि फिलिप आला, मोठा ड्रम डोक्यावर, शर्ट घामाने चिकटलेला. कंडक्टरने ड्रम बसमध्ये घेतला नाही म्हणून गोरेगाव स्टेशनपासून चालत आलेला. बोलला, काका, सॉरी, एकच काढा पाचांचा. उजेड होता अजून. मी बोललो, रोल संपला. तो बरं बोलला आणि माझ्या बाजूलाच ड्रमवर टेकला. तेवढ्यात तबेल्यातून म्हशी निघाल्या, धुक्यातून, पाठीवर ऊन घेऊन, आणि मला राहवेना. बटण दाबलं. आवाज फिलिपने ऐकला. माझ्याकडे नुसतं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कव्हर चौघांचंच छापलं. लोक चौघांनाच ओळखायला लागले, वर्षभरात फिलिप त्यांच्यातून सुटला, पुन्हा ड्रमला हात लावला नाही म्हणतात. कारणं दुसरीही असतील, मनाशी मी तसंच बोलत आलो. त्याच्या दारावरून कितीदा गेलो, दार वाजवलं नाही. माफी मागायची सवय नाही ना.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी आली, ग्लोरिया. पप्पा वारले बोलली. कव्हर पुढे ठेवलं, अंकल, ह्यात पप्पा का नाहीत? त्यांना विचारलं की नुसते हसायचे, बोलायचे उशीर मलाच झाला. काय सांगू तुम्हाला, रोल संपला होता हे अगदी ओठावर आलेलं. पण निगेटिव्ह डब्यात होती. काढली, खिडकीला धरली, बोललो, मोज. तिने बोटाने मोजले, बाराव्यावर थांबली. ह्या म्हशी? मी बोललो, हा तुझ्या बापाचा होता, मी खोटं बोललो त्याच्याशी.

तिने निगेटिव्ह स्वतःच्या हातात घेतली. मग बोलली, हा काढलात तेव्हा पप्पा कुठे होते? मी बोललो, माझ्या बाजूला, हात लागेल एवढ्यावर. बोलली, म्हणजे त्यांनी पण हेच बघितलं. हाच मोठा करून द्या.

करून दिला. खाली नाव टाका बोलली. माझं टाकलं नाही, फिलिपचं लिहिलं, मराठीत, मला तेवढंच येतं. पोरगी सुखात राहो.