मांडवाबाहेरचा धवला

नेत्रा : बाबा, खरं सांगायचं हं. नामाआत्याशी गावाने बोलायचं नाही, हे गावकीत तुम्हीच ठरवलंत ना?

बाबा : पानी दे जरा.

नेत्रा : पाणी देते, पण उत्तर द्या. मृणालीने पैज लावलीय, अख्ख्या वर्गासमोर. म्हणे, गावकीच्या अध्यक्षाला हे तोंडावर विचारायची हिंमत कोणात नाही, त्याच्या पोरीतही नाही. म्हटलं थांब, आज जेवतानाच विचारते!

आई : ताटावर बसलेल्या मानसाला असं इचारतात का गो? घशात काटा अडकंल.

नेत्रा : आई, बोंबील खातायत ते. बोंबलात कुठला आलाय काटा!

बाबा : गावकीत एकटा मानूस काय ठरवत न्हाय. पंच बसतात, गाव बसतं, मंग ठरतं.

नेत्रा : गाव म्हणजे बाप्ये. बायका देवळाबाहेर.

बाबा : व्हय ना? मंग आत कोन काय बोल्ला, ते तुना कसं कललं?

नेत्रा : माइक चालू होता की! आरती झाल्यावर कोणी बंदच केला नाही. तुमचा आवाज पार खाडीपर्यंत जात होता. “आजपासून नामाला कोनी हाक मारायची न्हाय, कोनी पानी द्यायचं न्हाय, मांडवात घ्यायचं न्हाय. जो घेल, तो पन गावाबाहेर.” मी आणि मृणाली नाक्यावर पाणीपुरी खात होतो. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी प्लेट तशीच ठेवून घरी आले.

आई : हलू बोल. शेजारी ऐकतील.

नेत्रा : शेजाऱ्यांनी तेव्हाच ऐकलंय! हीच तर कमाल आहे. त्या दिवशी सगळ्या गावाला ऐकू आलं. मग संघटनेची राहीताई दारोदार विचारत फिरली, तर एकजात सगळे बहिरे.

बाबा : आली का राही. पेनवरनं गाडी घेऊन यायचं, आमची घरं फोडायची, आनि चहा पिऊन परत जायचं.

नेत्रा : चहा कोण देतं तिला इथे? आणि ती घरं फोडत नाही. वीटभट्टीवरच्या बायकांची मजुरी अडली तेव्हा तीच उभी राहिली. डोंगरातल्या वाडीला पाण्याची लाइन मिळाली, ती त्यांच्याच संघटनेमुळे. तेव्हा तुम्हीच म्हणालात, पोरगी धडाडीची आहे.

बाबा : तवा ती वाडीचं काम करत होती.

नेत्रा : आणि आता?

बाबा : आता नामाला साडी नेसवून पनवेलच्या रस्त्यावर नाचवते. त्या लोकांच्या मोर्चात, सात रंगांचा झेंडा हातात देऊन. तो व्हिडिओ बंदरातल्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर आला, ठाऊक हाय? ट्रेलरच्या लायनीत उभा होतो मी. एकजन मोबाइल दाखवून बोलतो, दिनानाथशेठ, ही तुमच्या गावची ना? सगले हसले. मी बी हसलो. काय करनार?

आई : ती काय पयल्यांदा साडी नेसली का?

बाबा : कोकिले, तू मधी पडू नको.

आई : पडत न्हाय. आठवलं म्हनून बोल्ली. आपल्या लग्नात पन नेसलेली. हिरवी नऊवारी, केसात सोनचाफा. तिच्या आईच्या, भागुबाईच्या बाजूला बसून लग्नाचा धवला गात होती. मिशी काढलेली तिनं तवा. माझी आई बोल्ली, धवलारनीची पोर गोड गाते. कोनी सांगितलं न्हाय की पोर न्हाय, पोरगा हाय.

बाबा : मांडवातली गोष्ट येगली. मांडवात नेसला तर तो धवलारीन. देवाचं काम करतो. रस्त्यावर नेसला तर तमाशा.

नेत्रा : म्हणजे नामाआत्या मांडवात बाई, रस्त्यावर बाप्या? सकाळी उठल्यावर तिने कसं ओळखायचं, आज आपण कोण ते? तुम्हाला विचारून?

बाबा : जास्त शानी झाली तू त्या शालंत जाऊन.

नेत्रा : झाले! वक्तृत्वात पहिली आले, तर तुम्हीच पेढे वाटलेत. तेव्हा माझं बोलणं गोड लागलं होतं.

आई : खरकटा हात वालला तिचा. जेव गो आधी.

नेत्रा : जेवते. आई, सुजितदादाच्या लग्नात धवला कोण म्हणणार?

आई : भात वाढू का अजून?

नेत्रा : सांग ना. आपल्यात चुलीचा धवला, हळदीचा धवला, तांदूळ सडायचा धवला. भटजीच्या आधी धवलारीण लागते. भागुबाई गेली. नामाआत्याला मांडवात घ्यायचं नाही. दुसऱ्या कोणाला येत नाही. मग?

बाबा : सोय झालीय. डीजेवाला लावतो.

नेत्रा : काय लावतो?

बाबा : रेकॉर्डिंग.

नेत्रा : कोणाचं?

आई : तिचंच. शेजारच्या केतनच्या हलदीत कोनीतरी मोबाइलवर घेतलेलं. आता आजूबाजूच्या सगल्या मांडवांत तेच लावतात.

नेत्रा : बाबा! तिला पाणी द्यायचं नाही, आणि तिच्या आवाजात तुमच्या मुलाला हळद लावायची? ती तिकडे घरात बसून स्वतःचाच आवाज ऐकणार? तिचं घर काय दिल्लीला आहे का? आपल्या मागच्या बांधापलीकडे आहे!

बाबा : मंग काय करू? धवल्याबिगर पोराचं लग्न लावू? व्याह्यांना काय सांगू?

नेत्रा : तिला बोलवा!

बाबा : बोलवलं तर उद्या आपन वालीत. ज्या तोंडानं नियम केला, त्याच तोंडानं मोडू? गावकी हाय ती, पोरांचा खेल न्हाय.

आई : भागुबाई गेली तवा पन तुमी हेच बोल्लात.

बाबा : कोकिले...

आई : आज बोलू दे. घरटी एक मानूस आनि एक लाकूड, ही रीत आपल्यात कवापास्नंची हाय. वैऱ्याच्या घरी मयत झालं तरी लाकूड जातं. मी काढून ठेवलेलं. आंब्याचं, चांगलं वाललेलं. तुमी दाराला कडी घातलीत. ते लाकूड अजून मोरीमागं तसंच पडलंय. मी तिथं कपडे वालत घालायला जात न्हाय आता.

नेत्रा : मी शाळेत होते. संध्याकाळी आले तर गल्लीत चिटपाखरू नाही. मला वाटलं, मॅच असेल. मग कळलं, राहीताईने पेणहून टेम्पोत लाकडं आणली. खांदा दिला तो तिच्या संघटनेच्या पोरींनी, आणि वाडीवरच्या दोघांनी. गावातलं एक माणूस नाही! जिने गावातल्या प्रत्येक नवरीला हळद लावली, तिच्यामागे गावातलं एक माणूस नाही.

(बाबा ताट सरकवतात आणि तिथेच ताटात हात धुतात.)

बाबा : झालं तुमचं दोघींचं? आता माझं ऐका. नेत्रे, तू जन्मली न्हवतीस तवा आपली मिठागरं घेतली सरकारनं. मोबदला दिला तो भीक दिल्यासारखा. आमी रस्त्यावर बसलो. लाठ्या खाल्ल्या. ही पाठ बघितली हायस ना तू? तवा निम्म्या गावांत फूट पडली, आनि त्यांना काय बी मिललं न्हाय. आपलं गाव टिकलं, कारन गावकी एक होती. गावकी बोल्ली बसा, तर बसले. बोल्ली उठा, तर उठले. आता नव्या रस्त्याची मोजनी येतेय. राहिलेली शेती पन जानार. आज जर लोक बोल्ले, गावकीचं आमी ऐकत न्हाय, तर उद्या एकेकाला गाठून सह्या घेतील. ते कलतं का तुना?

नेत्रा : कळतं, बाबा. खरंच कळतं. मोजणी अडवायला मीपण येणार आहे, पोस्टर आम्हीच रंगवणार आहोत.

बाबा : मंग? गावाला एक ठेवायचं तर कधी कधी कोनाला बाहेर ठेवावं लागतं.

आई : त्या आंदोलनात तुमी आत होतात, तवा चौकीवर भाकरी कोन घेऊन आलेलं? तुमचा सख्खा भाऊ घाबरून मावशीकडं पलाला. नामा आली. शर्ट-प्यान्ट घालून आली, कारन पोलिसांची भीती होती तिला. आनि तिला काय काय बोल्ले ते पोलीस... तुमीच सांगितलेलं मना. रडत सांगितलेलं.

बाबा : माझ्याच बाकावर बसायचा तो शालंत.

नेत्रा : मग बाबा?

बाबा : मंग काय? तेच तर. त्याला बोल्लो होतो मी. नामा, गावात ऱ्हा, गा, सन्मानानं ऱ्हा, कोन तुना हात लावनार न्हाय. फक्त बाहेर दाखवू नको. एवढंच मागितलं. तर बोल्ला, दिनू, तू तुझ्या जमिनीसाठी रस्त्यावर आलास, मी माझ्यासाठी आलो तर तुना लाज का वाटते?

आई : हे कवा बोल्ली?

बाबा : बैठकीच्या आदल्या दिवशी. खाडीवर.

नेत्रा : आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माइकसमोर...

बाबा : पंच सगले एका बाजूला. मी एकटा नको बोल्लो असतो तर अध्यक्षपद गेलं असतं. ते गेलं तर मोजनीच्या येली पुढं कोन उभं ऱ्हानार? तो पंचातला भास्कर? तो पयल्या दिवशी विकला जाईल.

नेत्रा : तिला किराणा मिळत नाही, बाबा. मीठ आणायला पेणला जाते. सार्वजनिक नळावर गेली, तर बायका हंडे उचलून निघून गेल्या. आईचे दिवस झाले की घर बंद करून निघणार आहे ती. कायमची. राहीताईने तक्रार लिहून ठेवलीय. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, आम्हाला नागरिकशास्त्रात शिकवला. पण गावकीत लिहून काहीच ठेवत नाहीत ना! सगळं तोंडी. मी ऐकलं असं म्हणणारं गावातलं एक माणूस लागतं, आणि ते मिळत नाहीये.

बाबा : मिलनार पन न्हाय.

आई : नेत्रे, तू अशी का बघतेस?

नेत्रा : मिळालंय.

आई : कोन?

नेत्रा : मी दोन दिवस झाले विचार करतेय. मृणालीची पैज निमित्त होतं. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, नेत्रा, मी नाही बोललो ते, दुसरं कोणीतरी बोललं. मग मी सुटले असते.

आई : बाय गो, पोलीस आत टाकतील त्यांना. दादाचं लग्न तोंडावर आलंय. पोरीकडचे काय म्हनतील? आपल्यालाच वालीत टाकतील गो. नलावर हंडा घेऊन मी कशी जाऊ?

नेत्रा : नामाआत्या जाते तशी. मी येईन तुझ्याबरोबर.

आई : आवो, तुमी तरी काय बोला!

बाबा : ती लहान हाय. तिचं कोन ऐकनार?

नेत्रा : अठरा पूर्ण नसले तरी जबाब घेतात. राहीताई शेजारी बसणार आहे. बाबा, मला मोजणीच्या आंदोलनातही यायचंय. तुमच्या मागेच बसायचंय, घेतलंत तर. पण उद्या शाळा सुटली की मी परस्पर पेणला जाणार आहे. पोलीस ठाण्यात. मी काय ऐकलं ते सांगायला. हे तुम्हाला दोघांना सांगून जायचं होतं, चोरून नाही.

बाबा : आनि बोलनारा कोन होता, ते इचारलं तर?

नेत्रा : विचारणारच ना. मी सांगणार, माझे बाबा.