बुफेच्या रांगेतले रिकामे हात

लास व्हेगासमध्ये बुफेच्या रांगेत भुकेली रमोना कान टवकारून उभी होती. पुढचा म्हातारा एका पाहुण्या बाईला शहाणं करून सोडत होता.

“पावाला हात लावू नका, उगाच पोट भरतं. सरळ खेकड्यांवर तुटून पडा.”

“आणि बघण्यासारखं काय?”

“नाचणारी कारंजी. छान असतात म्हणे.”

“म्हणजे? तुम्ही नाही बघितली?”

“अहो, तीस वर्षं कॅसिनोत पत्ते वाटले. बाहेर कोण जातंय? ही घ्या तुमची प्लेट.”

प्लेट देऊन त्यानं टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे छताला दाखवले.

“हे काय?”

“सवय हो. टेबल सोडताना हात रिकामे आहेत, हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवावं लागायचं. आता घरी बायकोला मिठी मारली तरी हेच करतो.”

“मग त्या काय म्हणतात?”

“काय म्हणणार? माझे खिसे तपासते.”