बोलू न दिलेलं यंत्र

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे आदरणीय पदाधिकारी, माझ्या उजव्या हाताला बसलेले प्राचार्य (उजव्याच हाताला आहात ना? मघाशी खोकला तिकडून आला), माझे सहकारी, कार्यालयातली आणि ग्रंथालयातली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी ताई,

आपण सगळे माझ्याबद्दल फार चांगलं बोललात. निरोपाच्या दिवशी माणसाचे दुर्गुण रजेवर जातात, हे मला ठाऊक आहे. पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येक वक्त्याच्या तोंडी आलं: "सरांनी अंधत्वावर मात केली." माफ करा, मी असलं काही केलेलं नाही. अंधत्व माझ्या घरचं आहे. लहानपणापासून आमचं एकमेकांशी बरं चाललंय. मात करावी लागली ती वेगळ्याच गोष्टींवर, आणि त्यांतल्या काही आज या व्यासपीठावर बसल्या आहेत. अध्यक्ष महोदय, मी रागावलेलो आहे. राग साखरेत घोळून वाढायची कला मला आली नाही, आणि आता शिकण्याचं वयही राहिलं नाही.

आधी ताईबद्दल सांगतो. मी इतिहास शिकलो तो ताईच्या तोंडून. एका हाताने पातेलं ढवळत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून ती वाचायची. ज्या लढाया तिला कंटाळवाण्या वाटत, त्या ती सरळ गाळायची. त्यामुळे माझ्या इतिहासात काही युद्धं बरीच वर्षं झालेलीच नव्हती. हसा, हसण्यासारखंच आहे. पण ताईला परिचारिका व्हायचं होतं. तिची पुस्तकं फडताळात राहिली, कारण तिच्या संध्याकाळी माझ्या पुस्तकांत गेल्या. मी पदवीधर झालो, ती झाली नाही. ताई, तू मान खाली घातली असशील. घालू नकोस. मला बोलू दे.

"कुणीतरी वाचून दाखवेल की." हे वाक्य किती सोपं आहे! ते म्हणणाऱ्याला कधीच वाचून दाखवावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी मी ते प्राचार्यांच्या खोलीत ऐकलं.

झालं असं. आपल्या महाविद्यालयाने ठरवलं की यापुढे पाठ्यपुस्तकं कागदावर नाहीत, ई-रीडरवर. निर्णय चांगला होता, मी स्वतः टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता कुणाच्या ताईला पातेल्याशी उभं राहून वाचावं लागणार नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, जन्मापासून अंध. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून मुलं तिला 'वकीलसाहेब' म्हणत. तिने ते यंत्र हातात घेतलं, उलटसुलट चाचपलं आणि म्हणाली, "सर, याला स्पीकर आहे. म्हणजे हे बोलत असणार."

बोलत होतं ना! पण बोलतं कसं करायचं? कंपनीचा माणूस आला होता. फार गोड बोलायचा. तो तिला म्हणाला, "सोपं आहे ताई, सेटिंगमध्ये जा, तिसऱ्या पानावर स्पीकरचं चित्र आहे, त्यावर बोट ठेवा."

ती म्हणाली, "दादा, ते चित्र कुठे आहे हे मला कोण सांगणार?"

"यंत्र सांगेल की. एकदा आवाज सुरू झाला की ते सगळं सांगतं."

म्हणजे विहिरीतून वर यायला शिडी आहे, फक्त ती वर ठेवलेली आहे.

मग तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने आवाज सुरू करून दिला. आमची दोन पुस्तकं बोलली. तिसरं, नेमकं परीक्षेचं मुख्य पुस्तक, बोललं नाही. प्रकाशकाने त्याच्या आवाजाला कुलूप लावलं होतं. का? तर ऐकायचं पुस्तक त्यांना पुढे वेगळं विकायचं होतं. शब्द तेच, यंत्र तेच, त्याला गळाही होता. तो कुणीतरी ठरवून आवळला होता.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, एका मुलीसाठी सगळ्या वर्गाला मागे न्यायचं का? कुणीतरी वाचून दाखवेल की." मी विचारलं, "कोण?" त्यावर चहा आला.

वाचायचं काम मैत्रिणीवरच आलं. तिचीही तीच परीक्षा होती. महिनाभर तिने जमवलं, मग तिचा घसा बसला आणि अभ्यासही. तिचा काय दोष? आमची वकीलसाहेब त्या एका विषयात नापास झाली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हळहळून म्हणालं, "शेवटी मर्यादा असतातच ना." कोण म्हणालं ते मला आवाजावरून कळलं होतं. आज त्यांनीच माझ्या जिद्दीवर सुंदर भाषण केलं.

मुलीने दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार केली. सुनावणीत मी तिच्या बाजूने साक्ष दिली, माझ्याच संस्थेविरुद्ध. तेव्हापासून माझ्या टेबलाजवळच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. त्याची तक्रार नाही, तेवढीच शांतता मिळाली. सुनावणीला तोच गोड माणूस आला होता. "वापर अगदी सोपा आहे," असं त्याने अधिकाऱ्यांना सांगितलं. मुलगी उठली, तिने यंत्राचा पडदा त्याला दिसू नये अशी आपली फाइल वर आडवी धरली आणि म्हणाली, "आता करून दाखवा." तो बोटं फिरवत राहिला. खोलीत फक्त नखांचा आवाज येत होता. शेवटी अधिकारी बाई म्हणाल्या, "राहू द्या. समजलं."

निकाल आमच्या बाजूने लागला. यंत्र चालू होताक्षणी बोललं पाहिजे आणि सक्तीच्या पुस्तकांना कुलूप नको, असा आदेश निघाला. आणि ऐका, कंपनीने आणि प्रकाशकाने हे सगळं एका सुट्टीत करून दिलं. एका सुट्टीत! मला नकाराचा आला नव्हता इतका राग या होकाराचा आला. एवढंसं काम होतं, आणि त्यापायी एका मुलीचं वर्ष गेलं.

ती आता दुसऱ्या महाविद्यालयात शिकते. गेल्या आठवड्यात तिला इथून फोन गेला की नव्या 'बोलत्या वाचनकक्षाची' फीत तिने कापावी. तिने मला विचारलं, "सर, माझ्या गुणपत्रिकेवर अजून नापास आहे. ते तसंच ठेवून मी फीत कापू?" आणि वर बजावलं, "भाषणात माझ्या जिद्दीचं कौतुक करू नका हं." नाही केलं.

तुम्ही मला निरोपाची भेट देणार आहात असं कळलं. ती राहू द्या. तिचं ते पुस्तक आता बोलतं. त्या विषयाची परीक्षा संस्थेने पुन्हा घ्यावी आणि तो शेरा पुसावा, एवढं द्या.

ताईचे, शिपाईमामांचे, मला जिने आणि दरवाजे सांगणाऱ्या सगळ्यांचे आभार. शब्द कडू झाले असतील तर पोटात घाला. म्हणणं मात्र पोटात घालू नका. प्राचार्य, मी आता खाली बसतो आणि तुमच्या उत्तराची वाट पाहतो. फक्त नुसती मान हलवू नका. मला ऐकू येईल असं सांगा.