शिंगणापूरच्या माणसाला भेट दिलेलं दार

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या आयटीआयचे प्राचार्य माननीय रंगनाथ सर, शेवगावहून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, दारांच्या शोरूमचे मालक आणि एके काळचे माझे विद्यार्थी श्रीमान वैजनाथशेठ, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे सहकारी, कार्यालयातल्या भगिनी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

सरांनी मघाशी माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं, की कोण आलं म्हणून मीच वळून मागे बघितलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. भर उन्हाळ्यात माणसाच्या अंगावर शाल घालून त्याला बोलायला उभं करायचं ही आपली रीतच आहे, तेव्हा घाम पुसत बोलतो, सांभाळून घ्या.

सरांनी मला विषयही दिलाय. म्हणाले, "वेळ सत्कारणी कसा लावावा आणि काम कसं निवडावं, यावर मुलांना चार शब्द सांगा." सर, हे सांगायला तुम्ही उभं केलंत कोणाला? ज्याचा ट्रेड त्याच्याबरोबरच बंद होतोय त्याला! नव्या मुलांना माहीत नसेल, यंदापासून सुतारकामाला प्रवेश नाहीत. मी आज निवृत्त होतोय, उद्यापासून मी नाही आणि माझ्यामागे सुतारकामही नाही. रंधे, पटाशा, सगळं कालच स्टोअरमध्ये गेलं.

मी शनिशिंगणापूरचा. आमच्याकडे घराला चौकट असते, दार नसतं. देव राखतो, ही श्रद्धा. रात्री कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून उंबऱ्यात एक फळी आडवी टेकवायची, एवढाच काय तो बंदोबस्त. मी सुतारकी शिकायला निघालो तेव्हा वडील म्हणाले होते, "आरं येड्या, ज्या गावात कुनाच्या घराला दार न्हाई, तितला तू, अन् दारं करायला शिकतो व्हय?"

शिकलो. का, तर लाकूड आवडायचं. रंध्याखालून तो पातळ कीस वळत वर यायला लागला की मला जेवणाची आठवण राहायची नाही. दुसरं काही कारण नव्हतं. दर वर्षी पहिल्या दिवशी मी पोरांना हेच सांगत आलो, की बाबांनो, ज्या कामात वेळ कसा गेला ते कळत नाही ते काम धरा. वाक्य चांगलं आहे. टाळ्या पडतात. आणि माझा वेळ खरोखरच कसा गेला ते मला कळलं नाही. शेवटी वर्गात चार पोरं उरली, तरी मी आपला सांधाच शिकवत होतो.

त्या चार पोरांनी मला न सांगता ही भेट तयार केली. ते बघा, भिंतीला टेकवून ठेवलेलं सागवानी दार. मघाशी सरांनी चादर बाजूला केली, तेव्हा मी हात लावून बघितलं. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत अशी बसलीय, की मध्ये कागद सरकणार नाही. एक खिळा नाही कुठं. हे सांधे हर्षलचे, मी हात ओळखतो. असा सांधा मला स्वतःला जन्मात जमला नाही. आणि मी तोंडदेखली स्तुती करत नाही, विचारा वैजनाथशेठना, त्यांचं स्टूल मी किती वेळा मोडायला लावलं होतं.

पण पोरांनो, तुम्ही मला कायम इथल्या क्वार्टरमध्ये बघितलंत. त्या क्वार्टरला दार होतं. मी उद्या गावी निघालोय. तिथं हे लावू कुठं? हसा, हसा. मलाही आधी हसूच आलं. हर्षल तेवढा हसत नाही. दार करण्याच्या नादात विसरला होता, आत्ता लक्षात आलं.

या हर्षलने मागच्या महिन्यात मला विचारलं, "सर, मला हेच काम करायचं हाय. कुटं जाऊ?" मी त्याला मोटरसायकलवर मागे घेतलं आणि निघालो. पहिल्यांदा वैजनाथशेठकडेच गेलो. शेठ, तुम्ही आज पाहुणे आहात, राग मानू नका. तुम्ही त्याचं काम हातात घेऊन बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "सर, पोराचा हात लई भारी हाय. पन त्या हाताचं करू काय मी? दारं कारखान्यातनं ट्रक भरून येत्यात. मला बिजागऱ्या बसवनारा पायजे, त्योबी सीझनपुरता." खरं तेच बोललात. माझाच विद्यार्थी. थोडं खोटं बोलला असतात तर मला बरं वाटलं असतं.

नगरलाही हिंडलो. चहा सगळ्यांनी पाजला. येताना घोडेगावजवळ हा मागून म्हणतो, "सर, तुमीच सांगितल्तं, वेळ कळत न्हाई ते काम धरा. मी धरलं. आता सोडू कसं?"

काय उत्तर द्यायचं याला? सभागृहात एवढी शिकलेली माणसं आहेत, सांगा कोणीतरी. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला उसाचा रस पाजला.

सोमवारपासून हर्षल आमच्याच गावात, रस्त्याकडेच्या एका पूजेच्या दुकानासाठी उभा राहणार आहे. येणाऱ्या गाड्यांना हात करायचा, पार्किंग दाखवायचं, तेला-फुलाचं ताट पुढे करायचं. कष्टाचं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. दोन दिवस त्याने करून बघितलं. म्हणाला, "सर, तितं घड्याळ हलतच न्हाई."

तेव्हा सर, काम कसं निवडावं ते मला माहीत नाही. निवडलेलं काम आपल्याला ठेवून घेतंच असं नाही, एवढंच कळलं, आणि तेही आज, शाल मिळाल्यावर. मुलांना आशेचं काही सांगायला हवं होतं. शोधलं, सापडलं नाही.

मघाशी चहाच्या वेळी मंडळींना फोन केला. म्हटलं, लंका, पोरांनी दार दिलंय, काय करायचं? ती म्हणाली, "आना की मंग. फळी पार कुजलीया, कुत्री आत याया लागलीत. रातच्याला उंबऱ्यात आडवं टेकवू."

हर्षल, तुझं दार आमच्या घरी कुत्री अडवील. तू ज्या दुकानासमोर उभा राहणार आहेस, तिथून आमची ओसरी समोरच दिसते. तू तिकडे बघत जाऊ नकोस बाळा.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळलंत, आज वेळात वेळ काढून आलात, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, पाहुण्यांना काही लागलं असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पदरात घ्या. सामान आजच पुढे जातंय, खाली टेम्पो आलाय. चौघं जण पुढे या आणि दार तेवढं चढवू लागा. कोपरे जपून धरा, रे.