दुसरीच्या देव्हाऱ्यातली वात

बसा मंडळी, जरा सरकून बसा. मागच्या बायांनाही वारा लागू दे. पेटीवाले दादा, सूर तेवढा धरून ठेवा... हळू, अगदी झोपेत ऐकू यावा तसा.

आज एक प्रश्न विचारते. ज्या कोपऱ्यातून एका बाईनं रडत आपले देव उचलले, त्याच कोपऱ्यात दुसरीचे देव सुखानं बसतील का? बँकेनं जप्त केलेलं घर लिलावात स्वस्त मिळतंय. घ्यावं, की पाप लागतं?

तर ऐका. मिरजेत इंदुमती शिराळे नावाची बाई फुलवाती वळायची. नवरा शंकरराव शिंपी. भाड्याच्या एकाच खोलीत शिलाईचं मशीन, कापूस, चूल आणि देव! पंखा लावला की कापूस उडायचा — आमटीत, देवांच्या डोक्यावर, शंकररावांच्या मिशीवर! आणि पावसाळ्यात भिंतींना ओल. ओल्या कापसाची वात जळत नाही, मंडळी, नुसती तडतडते. देवळांतून वाती परत यायच्या. त्यात मालक म्हणाला, "दिवाळीच्या आत खोली सोडा."

इंदुमतीला नेहमी एकच स्वप्न पडायचं. एक घर. भिंती पांढऱ्या, कोरड्या. फरशी गार. कापूस हवेत तरंगतोय, खाली येतच नाही... आणि ती त्यातून चाललीय, पाय न टेकता. जाग यायची ती मशीनच्या खडखडाटानं!

एक दिवस घरांची दलाली करणारा गजाभाऊ भेटला. "वहिनी, जप्त घरांची यादी आहे माझ्याकडं. पक्की! निम्म्या भावात घर! यादीचे तेवढे पैसे टाका. आणि एक लक्षात ठेवा — आतली माणसं घराला नावं ठेवतात, गिऱ्हाईक पळावं म्हणून. विश्वास ठेवायचा नाही!"

पैसे टाकले. दोघं नवरा-बायको हिंडली. पहिलं घर कधीच विकलेलं. दुसऱ्या पत्त्यावर — पिठाची गिरणी! तिसऱ्या घरातून एक आजोबा काठी उगारून बाहेर! "कुणी सांगितलं रे माझं घर जप्त झालं?" शंकरराव असे पळाले, की एक चप्पल अजून तिथंच आहे!

शेवटी इंदुमती बँकेतच गेली. तिथल्या बाई हसल्या. "अहो, यादीला पैसे कशाला? लिलावाची नोटीस पेपरात येते, इथं फलकावर लागते. फुकट वाचा. आणि ठरल्या दिवशी घर डोळ्यांनी बघून या." बघा! खरं होतं ते भिंतीवर फुकट लागलेलं, आणि ही खोटं विकत घेऊन हिंडत होती. देवाच्या बाबतीत आपण काय वेगळं करतो?

फलकावर एक घर सापडलं. आवाक्यातलं. पण घर दाखवायला बँकेचा माणूसच उशिरा आला, तिन्हीसांज झाली. शंकरराव त्याच्याबरोबर बाहेरून भिंती ठोकत राहिले, इंदुमती एकटीच आत गेली.

भिंती पांढऱ्या. फरशी गार. तिला कळेना, आपण जागे आहोत की झोपेत? कोपऱ्यात देव्हारा. देव आहेत, ताजं फूल आहे, निरांजनात तूप आहे... वात नाही! तिन्हीसांजेला देवापुढं अंधार! तिच्या हातानं तिला विचारलंच नाही. पिशवीतून फुलवात काढली, तुपात बुडवली, काडी ओढली. डोळे मिटले, हात जोडले.

"कुणी लावला दिवा?"

दारात घराची मालकीण उभी — अक्काताई नरगुंदे! बायांनो, तुमचं घर घ्यायला आलेल्या बाईनं तुमच्या देवापुढं दिवा लावला, तर?

"अजून लिलाव व्हायचाय म्हटलं! एवढी घाई?"

"चुकले हो ताई. हात आपोआप गेला. देव अंधारात होते..."

"राहू देत अंधारात! आमचे हे भावाच्या कर्जाला जामीन राहिले. भाऊ गेला निघून, घर चाललं आमचं. आणि हे देव बसलेत हसत! नोटीस लागल्यापासून सगळी पूजा करते, पण दिवा लावत नाही. कळू दे त्यांनाही!"

इंदुमती दिवा शांत करायला वाकली. अक्काताईंनी तिचं मनगट धरलं.

"लागला तो लागला. हात लावू नका."

दोघी बघत राहिल्या. ज्योत हलेना, दोघी हलेनात. जणू घरच श्वास धरून बसलेलं...

"वात छान वळलीय," अक्काताई म्हणाल्या. "तुम्हीच वळता? मग कापूस बराच असेल. पुढच्या खोलीत ठेवा, कोरडी आहे. मागची पावसाळ्यात ओल धरते."

मंडळी! हे कोण सांगतंय? जिचं घर चाललंय ती! "सगळं घर ओलं आहे" एवढं म्हणाली असती, तर हे गिऱ्हाईक परत गेलं असतं!

इंदुमतीनं बाहेर येऊन हे सांगितलं, तसे शंकरराव कुजबुजले, "ही तर चांगलं सांगतेय. म्हणजे नक्की घोळ आहे!"

"घोळ तुमच्या डोक्यात आहे. दिव्यासमोर बोलल्यात त्या." इंदुमती परत आत गेली. "ताई, घर सोडवता येत असेल तर सांगा. आम्ही बोली लावत नाही."

"सगळं करून झालं गं. कुणीतरी घेणारच. तूच घे."

लिलाव झाला. घर इंदुमतीला मिळालं. ताब्याच्या दिवशी ती गेली, तर घर लख्ख पुसलेलं, दारात रिक्षा, आणि अक्काताईंच्या हातात लाल कापडात गुंडाळलेले देव.

"कुठं जाणार ताई?"

"लेकीकडं. तिच्याकडं सकाळचं ऊन येतं."

कोपरा रिकामा. इंदुमती आपले देव पदराखाली धरून उभी. ठेवायचं धाडस होईना.

"बघतेस काय? ठेव की!" अक्काताई म्हणाल्या. "मी आहे तोवर ठेव. रिकामा कोपरा बघून मला जायचं नाही."

इंदुमतीनं देव मांडले. अक्काताईंनी आपले देव छातीशी धरून त्या देवांना नमस्कार केला, आणि रिक्षात जाऊन बसल्या.

बसले का देव? बसले! जिचा कोपरा, तिनंच बसवले.

आता तुमच्याकडं वळते. घर बघायला जाल, नळ सोडून बघाल, फरशी ठोकाल, भाव पाडाल. दार उघडणाऱ्या बाईला विचाराल का, "तुम्ही कुठं जाणार?" नाही विचारलंत, तर देव्हारा संगमरवराचा करा, पांडुरंग उंबऱ्याबाहेरच उभा राहील. तिची विचारपूस विसरलात, म्हणजे त्यालाच आत या म्हणायला विसरलात.